वहीचे शेवटचे पान

शिक्षक बंधुभगिनींनो, आज एक छोटेसे काम करा. तपासायला आणलेल्या वह्यांतली कोणतीही एक वही घ्या आणि ती उलट्या बाजूने उघडा. पहिल्या पानावर काय असते ते तुम्हांआम्हांला ठाऊकच आहे. वर श्री, खाली नाव, इयत्ता, विषय, आणि वळणदार अक्षरात एखादा सुविचार. पण शेवटच्या पानावर? तिथे एक लांबच लांब मिशी असेल. एक कोंबडा असेल, त्याच्या पायांत बूट असतील. पाठीवर दप्तराऐवजी घरच घेऊन चाललेला एक मुलगा असेल. आणि बहुधा एक गुरुजीही असतील, पोटासकट! पहिल्या पानावर मूल तुमच्यासाठी लिहिते. शेवटच्या पानावर ते स्वतःसाठी लिहिते. आज मला या शेवटच्या पानाविषयी बोलायचे आहे.

गावकरी मंडळींनो, तुम्ही म्हणाल, हा विषय मास्तरांचा, आमचं यात काय काम? तर काम आहे. कारण त्या पानावर गुरुजींच्या खालोखाल तुम्हीच असता.

अशी चित्रे आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. दिवाळी अंक हातात आला की गोष्ट नंतर वाचतो, आधी चित्रे पाहतो. काळ्या शाईच्या चार रेघा, त्यांत तुमच्याआमच्यासारखी माणसे, आणि रोजचेच काही तरी घडते आहे, पण ते जरा तिरक्या नजरेने पाहिलेले. पुढाऱ्यांची टोपी उडवणारी राजकीय व्यंगचित्रे ती वेगळी, त्यांचा विषय आज नाही. आज बोलायचे ते साध्या माणसाच्या साध्या दिवसाची गंमत सांगणाऱ्या रेघेविषयी.

ही रेघ शाईचीच का, असे कुणी विचारील. त्याला एक व्यवहाराचे कारण होते. मासिके स्वस्त कागदावर निघत. फोटो किंवा रंगवलेले चित्र छापायचे तर कागद चांगला लागे, खर्च वाढे. पण पांढऱ्यावर काळी रेघ असली की जस्ताच्या पत्र्यावर तिचा ठसा करायचा आणि छापायची. छापखान्यात याला लाइन ब्लॉक म्हणत. रद्दीसारख्या कागदावरही ती रेघ स्वच्छ उमटे. काळोख दाखवायचा तर आडव्या-उभ्या रेघांची जाळी विणायची, दाट विणली तर रात्र, विरळ विणली तर सावली. एक टाक, एक निब आणि शाईची दौत, एवढ्या भांडवलावर माणूस अख्खे गाव उभे करू शके.

दुसरे कारण मनाचे. शाई खोडता येत नाही. पेन्सिलीने काढताना माणूस आधी काढतो आणि मग विचार करतो, शाईने काढताना आधी नीट पाहावे लागते. आमच्या तारापूर-चिंचणीच्या बाजूला डायमेकिंगचे काम चालते, दागिन्यांची नक्षी धातूच्या ठशात कोरतात, ते ज्यांनी पाहिले आहे त्यांना हे वेगळे सांगायला नको. छिन्नी पुढे गेली ती गेली. म्हणून कारागीर हात चालवण्याआधी डोळा चालवतो. शाईच्या चित्राचेही तसेच आहे.

आता हा डोळा कुठून येतो ते पाहू.

डहाणूहून रेल्वेने उत्तरेला निघालात की उंबरगाव मागे पडते, वापी येते. वापीला उतरून समुद्राकडे गेलात की दमण. तिथे पोर्तुगीज अंमलात, २ मे १९२६ रोजी, एक मूल जन्मले. पुढे ते गोव्यातल्या लोटली गावी आपल्या वाडवडिलांच्या घरात वाढले. या मुलाला खोड अशी, की घराच्या भिंतींवर चित्रे काढायची. अशा वेळी आपल्या घरी काय होते ते तुम्ही जाणताच. पण या मुलाच्या आईने काय केले? तिने त्याला एक कोरी वही आणून दिली. मुलगा त्या वहीला आपली डायरी म्हणू लागला. शाळेत पाद्रीबाबांची चित्रे काढून त्याने बोलणीही खाल्ली, पण वही काही सुटली नाही. तो मुलगा म्हणजे मारिओ मिरांडा.

पुढे मोठेपणीही ते डायरी शब्दांत कमी आणि चित्रांत जास्त लिहीत. १९४९, १९५० आणि १९५१ या सालांच्या त्यांच्या डायऱ्या पुढे पुस्तकरूपाने छापल्या गेल्या. दिवसभरात कोण भेटले, कोण कसे चालत होते, कोण कुणाकडे चोरून पाहत होते, हे सारे त्यांत आहे. मारिओंच्या एखाद्या गर्दीच्या चित्रावर बोट ठेवून पाहा. बाजार असतो, मासळीवाली असते, बॅन्डवाले असतात, कावळा असतो, कुत्रे असते, आणि प्रत्येकजण आपापल्या कामात गुंग असतो. एकही माणूस नुसता जागा भरण्यासाठी काढलेला नसतो. २०११ साली ते गेले. मरणोत्तर त्यांना पद्मविभूषण मिळाले. पण त्या सन्मानाची सुरुवात एका कोऱ्या वहीपासून झाली होती, हे विसरू नका.

आता दुसरे नाव. वसंत सरवटे. जन्म १९२७, कोल्हापूरचा. शिक्षणाने हे स्थापत्य अभियंता. एसीसी या सिमेंट कंपनीत नोकरी. चित्रकलेवर पोट नव्हते, तरीही हातातली निब काही खाली ठेवली नाही. 'ललित' मासिकात जयवंत दळवी ठणठणपाळ या टोपणनावाने साहित्यिकांची फिरकी घेत, तेव्हा खांद्यावर भलामोठा हातोडा घेतलेला तो ठणठणपाळ सरवट्यांच्या रेघेतून अवतरला. लोकांनी लेखक पाहिला नव्हता, पण हातोडा सगळ्यांच्या ओळखीचा झाला. सरवट्यांच्या चित्रातला माणूस पाहिला की वाटते, अरे, हा तर आपल्या ऑफिसातला, आपल्या चाळीतला, किंवा खरे सांगायचे तर आपणच! २०१६ साली ते गेले. नोकरी सांभाळून माणूस किती पाहू शकतो, याचे ते उदाहरण आहे.

तिसरे नाव तर घरोघर माहीत असेल, शि. द. फडणीस. २९ जुलै १९२५ रोजी बेळगाव जिल्ह्यातल्या भोज या गावी जन्म, आणि २०२५ साली त्यांनी वयाची शंभर वर्षे पूर्ण केली. 'हंस' आणि 'मोहिनी'चे संपादक अनंत अंतरकर यांनी त्यांना मुखपृष्ठाचे पान दिले. त्या काळी मुखपृष्ठावर सुंदर स्त्रीचे चित्र असायचे, असा जणू नियमच होता. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला 'मोहिनी'च्या मुखपृष्ठावर फडणिसांनी काय काढले? एक तरुण आणि एक तरुणी बसची वाट पाहत उभी आहेत. त्याच्या शर्टावर मांजरांची नक्षी, तिच्या साडीवर उंदरांची. दोघे आपली सभ्यपणे उभी आहेत, पण कपड्यांवरची मांजरे आणि उंदीर काही स्वस्थ नाहीत! खाली एक शब्द नाही. शब्दाची गरजच नाही. ज्याला अक्षर येत नाही तोही हसतो, आणि ज्याला मराठी येत नाही तोही.

शिक्षकांनी लक्षात ठेवावी अशी गोष्ट पुढे आहे. याच फडणिसांनी आपल्या राज्याच्या शाळेतल्या गणिताच्या पुस्तकांसाठीही चित्रे काढली. गणितासारखा विषय, ज्याच्या नावाने मुलांच्या पोटात गोळा येतो, त्या पुस्तकात मुलांना हसायची मुभा मिळाली. हसल्याने गणित चुकत नाही, मंडळी. उलट भीती गेली की हिशेब जमतो.

कुणी म्हणेल, गुरुजी, ही सगळी शिकलेली, शहरांत वावरलेली माणसे. आमच्या पाड्यावरच्या पोराचा यांच्याशी काय संबंध?

तर मग आता आपल्याच जिल्ह्यात या. डहाणू तालुक्यातले गंजाड. इथे जिव्या सोमा माशे राहत होते. लहानपणी त्यांची आई वारली आणि मुलाचे बोलणे बंद झाले. काही सांगायचे असेल तर तो मातीत बोटाने चित्र काढून सांगे. वारली घरात लग्नाच्या वेळी सुवासिनी भिंतीवर चौक लिहितात, गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने. चौक काढला असे म्हणत नाहीत, लिहिला म्हणतात, हे ध्यानात घ्या. ते काम बायकांचे. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला भास्कर कुलकर्णी नावाचे चित्रकार वारली पाड्यांवर आले आणि त्यांनी लोकांच्या हातात कागद दिला. त्या कागदावर माशे यांचा हात जगाला दिसला. लग्नाच्या चौकापलीकडे त्यांनी रोजचे जगणे लिहिले. मासे पकडायचे जाळे, भाताची लावणी, ताडावर चढणारा माणूस, तारप्याभोवतीचा फेर. दोन त्रिकोण आणि चार काड्या, एवढ्यात वाकलेला म्हातारा वेगळा आणि पळणारे पोर वेगळे ओळखू येते. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली, २०१८ साली ते गेले.

त्यांची रेघ पांढरी, मारिओंची काळी. एकाची भिंत शेणामातीची, दुसऱ्याची वाड्याची. पण गोष्ट एकच. पोर जमिनीवर किंवा भिंतीवर रेघ ओढत होते, आणि कुणीतरी त्याच्या हातात कागद दिला. आईने दिला, संपादकाने दिला, पाड्यावर आलेल्या परक्या माणसाने दिला. देणाऱ्याला पुढचे काही ठाऊक नव्हते. त्याने फक्त कागद दिला.

आता माझी एक कबुली ऐका.

मी बोईसरच्या बाजूला अनेक वर्षे शिकवले. शाळेचे नाव सांगत नाही, कारण चूक शाळेची नव्हती, माझी होती. दुपारच्या सुट्टीनंतरचा गणिताचा तास. पोटात भात, वर पत्र्याचे छप्पर, बाहेर रणरणते ऊन. माझा डोळा लागायचा. एक दिवस जागा झालो तो वर्गात खुसखुस चाललेली. एका मुलाच्या वहीभोवती डोकी जमलेली. वही ओढून घेतली. शेवटच्या पानावर मी होतो! खुर्चीत रेललेला, तोंड उघडे, डोक्यावर एक कावळा काड्या जमवून घरटे बांधतो आहे, आणि फळ्यावर अर्धवट राहिलेले उदाहरण स्वतःच फळ्यावरून उतरून दाराबाहेर निघाले आहे.

मी ते पान फाडले. तुकडे केले. मुलाला तास संपेपर्यंत बाहेर उन्हात उभे केले. वर्ग चिडीचूप झाला. मला वाटले, शिस्त लागली.

पण फाडता फाडता एक गोष्ट माझ्या नजरेत आली होती, ती अजून जात नाही. माझ्या चष्म्याची एक काडी मोडली होती आणि मी ती काळ्या दोऱ्याने बांधली होती. नवीन करायला जमत नव्हते, म्हणून कुणाच्या लक्षात येऊ नये अशी खटपट करून बांधली होती. घरातही कुणी विचारले नव्हते. त्या मुलाने तो दोरा काढला होता. गाठीसकट. साऱ्या वर्गात, साऱ्या घरात, माझ्याकडे इतके नीट त्या एकट्याने पाहिले होते. आणि मी त्याला शिक्षा केली ती नेमकी त्या पाहण्याची.

बऱ्याच वर्षांनी तो मला बोईसर स्टेशनवर भेटला. कारखान्यात कामाला लागला होता. वाकून नमस्कार केला. मी विचारले, "काय रे, अजून चित्रं काढतोस का?" तो हसला. म्हणाला, "नाही गुरुजी. ते तेव्हाच सुटलं." त्याच्या बोलण्यात राग नव्हता. गाडी आली, तो चढला, हात हलवला. मी फलाटावर राहिलो, आणि तो 'तेव्हाच' हा शब्द माझ्याबरोबर राहिला. तो मुलगा मोठा चित्रकार झाला असता असे मी म्हणत नाही. नसता झाला तरी हरकत नव्हती. पण त्याचा डोळा त्याच्यापाशी राहिला असता.

म्हणून शिक्षक मित्रांनो, आता काही साध्या सूचना. मी स्वतः पुढे त्या करून पाहिल्या आहेत.

आठवड्यातून एकदा पंधरा मिनिटे द्या. कागद एका बाजूने वापरलेला चालेल, पेन साधे बॉलपेन. खोडरबर पिशवीतच राहू दे. रेघ चुकली तर चुकलेल्या रेघेचे दुसरे काही तरी करायचे, हा नियम. नाक लांब झाले तर होऊ द्या, माणूस तेवढा चौकस होईल!

विषय देताना "निसर्गचित्र काढा" असे म्हणू नका. तसे म्हटले की सगळ्या वर्गाच्या कागदावर तेच दोन डोंगर, मधून सूर्य, झोपडी आणि नदी येते. सातपाटीच्या मुलाच्या चित्रातही होडी येते ती पुस्तकातली, शिडाची. बापाची इंजिनाची होडी, तिचा धूर, तिच्यावर वाळत घातलेला सदरा येत नाही. आणि हल्ली वारली चित्र काढा म्हटले की मुले कपावर छापलेला तारप्याचा फेर उतरवून काढतात. माशे यांनी दुसऱ्याचा फेर उतरवला नव्हता. त्यांनी पाहिला होता.

तेव्हा असे म्हणा: "आज घरून शाळेत येताना पाहिलेला एक माणूस काढा." बस, एवढेच. मग बघा काय येते. रिक्षात चौथा माणूस बसला की ड्रायव्हरचे अर्धे अंग बाहेर लोंबते, ते येईल. डोक्यावर मासळीची टोपली घेतलेली बाई मान न हलवता सगळ्या गल्लीच्या चौकशा कशी करते, ते येईल. बोईसरच्या फलाटावर गाडी यायच्या आधीच कुठला डबा कुठे थांबणार हे जाणून पाय रोवून उभा असलेला कामगार येईल. आणि मोबाइलात मान घालून बसलेले सगळे घर येईल, आजोबांसकट. २०१३ सालापासून डहाणूपर्यंत लोकल धावते, आपल्या दारात माणसांची जत्रा रोज भरते. विषय शोधायला मुंबईला जायला नको.

एक धोकाही सांगतो. हसणे दोन तऱ्हेचे असते. एक माणसाबरोबरचे आणि एक माणसावरचे. मुले कधी लंगडणाऱ्या सोबत्याचा पाय काढतात, कुणाचा रंग, कुणाची जात, कुणाचे फाटके कपडे काढतात. तिथे वहीपान फाडू नका, पण गप्पही बसू नका. मुलाला एकच प्रश्न विचारा: "हे चित्र ज्याचं आहे, त्याच्या हातात देशील का?" देता येत असेल तर ती गंमत आहे. लपवावेसे वाटत असेल तर ती गंमत नव्हे. माझे चित्र त्या मुलाने माझ्या हातात दिले असते की नाही, मला ठाऊक नाही. मी त्याला ती संधीच दिली नाही.

आणि गावकरी मंडळींनो, तुमच्यासाठी एवढेच. संध्याकाळी पोर ओसरीवर खडूने, कोळशाने काही रेखाटत असेल तर लगेच फडके घेऊन धावू नका. आधी वाकून बघा. विचारा, "हा कोण रे?" बहुतेक तुम्हीच असाल. मिशी जरा जास्त मोठी निघाली असेल, पण तुमची बसायची तऱ्हा, विडी धरायची तऱ्हा, थकून आल्यावर खांदे कसे पडतात ती तऱ्हा, पोराने बरोबर पकडली असेल. तुमचा दिवस कुणी तरी पाहिला आहे, याची ती पावती आहे. मग भिंत पुसायची तर पुसा, पण दुसऱ्या दिवशी बाजारातून येताना एक वही आणा. दमणच्या त्या मुलाच्या आईने तेवढेच केले होते.

वहीचे पहिले पान परीक्षेसाठी असू द्या. शेवटचे पान मुलाचे असू द्या. आणि त्या पानावर तुम्ही दिसलात, तर चष्म्याचा दोरा नीट निरखून पाहा.